गालाला लावून बघा

आबांचे हात म्हणजे लॉन्ड्रीतली दंतकथाच होती. उभं आयुष्य त्यांनी वाफेच्या इस्त्रीपुढे काढलं. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळांचे अभ्रे, वकिलांचे पांढरे शर्ट, सगळं त्यांच्या तळव्याखालून गेलं. नवी पोरं इस्त्री तापली की नाही हे पाण्याचा थेंब टाकून बघायची. आबा नुसतं बोट टेकवायचे आणि म्हणायचे, "अजून जरा." प्रेसमधून निघालेली वाफाळती कॉलर ते दोन बोटांत धरून उचलत, म्हणून तिथे त्यांचं नावच पडलं होतं चिमटा. मालकसुद्धा "चिमट्याला बोलवा" म्हणायचा, आणि आबांना त्याचा राग सोडाच, उलट अभिमान होता. माणसाला कशाचा अभिमान वाटेल याचा काही नेम नाही.

काम सुटलं तरी हात तेच राहिले. चहाचं उकळतं पातेलं आबा उघड्या हाताने शेगडीवरून उतरवायचे. सून कळवळून म्हणायची, "आबा, अहो फडकं तरी घ्या."

"फडकं तुम्हाला," आबा म्हणायचे. "आमचं अंगचंच आहे."

घरात माणसं मोजकीच. मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी यायचा तेव्हा उशी बघून झोपायचा. सून बुटांच्या दुकानात कामाला. लहान मुलांचे पाय मापून देण्यात तिचा हातखंडा होता, त्यामुळे शाळा सुरू व्हायच्या दिवसांत दुकानदार तिला पापणी लवू द्यायचा नाही. आबांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. आणि नात. अडीच वर्षांची, सरळ चालणं ठाऊक नसलेली, स्वतःभोवती गरगर फिरत या खोलीतून त्या खोलीत जाणारी. म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत.

दिवसभर भिंगरीला सांभाळायचं काम आबांचं. ते तिला तळहाताच्या फोडासारखं जपत. आता ज्याच्या तळहातावर फोड उठायचाच बंद झाला होता त्या माणसाने फोडासारखं कसं जपावं, असं कुणी विचारलं असतं तर आबांना उत्तर देता आलं नसतं. पण जपत होते हे खरं. काम सुटल्यानंतरचे पहिले महिने त्यांनी खिडकीशी बसून काढले होते, कुणी विचारलं तर "बरं आहे" म्हणत. मग ही पोरगी आली आणि खिडकीशी बसायला वेळ उरला नाही.

पण त्या दिवसांत एक गोष्ट त्यांच्या मनाला कुरतडत होती. बुटांच्या दुकानाजवळच्या पाळणाघरात एक जागा रिकामी झाली होती. मुलगा फोनवर म्हणाला, "आबांचं वय झालंय, किती धावतील तिच्यामागे." सून म्हणाली, "बघते. विचार करून कळवते त्यांना." आबा शेजारच्या खोलीत भिंगरीचे मोजे घडी करत होते. मोज्याला कडक घडी घालणारा जगातला बहुधा तो एकच माणूस. ते मोजे परत परत घडी करत राहिले. पोरगी दिवसभर घरात नसेल तर आपण पुन्हा खिडकीशी, एवढं त्यांना न सांगता कळत होतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात हे घडलं.

दुपारची वेळ. सुनेने दुकानातून आणलेली पॉलिशची डबी फळीवर होती, ती भिंगरीच्या हाती कशी लागली ते देव जाणे. आबा आपला शर्ट वाळत घालून आत आले तर पोरगी कोपरापर्यंत काळी, पोट काळं, एक गाल काळा.

"काय केलंस गं हे?"

"मी बूट," भिंगरी म्हणाली.

आबा हसून हसून खुर्चीत बसले. सुनेने सांगून ठेवलं होतं की अंघोळ मी सकाळी घालून जाते, तुम्ही त्या भानगडीत पडू नका. पण संध्याकाळी ती दमूनभागून यायची आणि आल्या आल्या तिला हा बूट धुवायला लागायचा. त्यापेक्षा पोरगी स्वच्छ, केस विंचरलेले, दारातच उभी दिसली तर? आबांच्या मनात हेही आलं असणार की मग पाळणाघराचं नाव निघायचं नाही. चांगल्या हेतूला थोडा स्वार्थ चिकटलेला असतोच, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

त्यांनी टबात गरम पाणी सोडलं. जुना गिझर कोमटाच्या पुढे कधी गेला नव्हता. मुलाने मागच्या खेपेला नवा बसवला होता आणि तो चांगलं कडक पाणी द्यायचा. आबांनी गार पाणीही मिसळलं. बेजबाबदार माणूस नव्हता तो. मग तळवा पाण्यात घालून ढवळलं, एकदा नाही, दोनदा. छान कोमट लागलं. त्यांनी भिंगरीला काखांत धरून उचललं आणि टबात उतरवलं.

उजवा पाय आधी पाण्यात गेला. पुढे जी किंकाळी आली तिने आबांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांनी तिला तसंच वर ओढलं. क्षणभराचा खेळ, पण लहान मुलाची कातडी असते केवढीशी. मोठ्या माणसाला जे पाणी जरा कडक वाटेल तेही तिला भाजून काढतं, आणि हे तर मोठ्यांनाही सोसवलं नसतं. पिंढरीच्या अर्ध्यापर्यंत पाय लालबुंद झाला होता आणि पावलावर एका ठिकाणी कातडी बघता बघता वर उचलली जात होती.

आबांनी टबाकडे पाहिलं, आपल्या हाताकडे पाहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. पण विचार करायची ती वेळ नव्हती. पोरीला कडेवर घेऊन ते स्वयंपाकघरात धावले आणि फळीवरून खळीचा डबा काढला.

ही लॉन्ड्रीची रीत. शर्टाला कडकपणा आणायची ती खळ भाजलेल्या बोटावर थापायची, ती गार लागते, आणि पुन्हा कामाला लागायचं. आबांच्या उस्तादाने त्यांना हेच शिकवलं, त्यांनी पुढच्या पोरांना हेच शिकवलं. तिथे कुणी दवाखान्यात गेल्याचं ऐकिवात नव्हतं. गेले असतील ते परत कामावर आले नसतील, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. घरी आबा अजून स्वतःच्या शर्टांना खळ करत, त्यामुळे सकाळची कालवलेली खळ तयारच होती. एका हाताने त्यांनी सुनेला फोन लावला. दुकानात गर्दी असणार, तिने उचलला नाही. मग अँब्युलन्सचा नंबर लावला, फोन ओट्यावर मोठ्या आवाजात ठेवला आणि बोटं डब्यात घातली.

पलीकडून बाईचा आवाज आला. सर्दीने बसलेला, पण शांत. काय झालं, किती वर्षांची, कुठे भाजलं, पत्ता काय, तिने भराभर विचारलं. आबांनी जमेल तसं सांगितलं. पाठीमागे भिंगरीचा आकांत चाललेलाच.

"गाडी निघाली," आवाज म्हणाला. "आता तुम्ही काय करताय?"

"खळ लावतोय."

"काय लावताय?"

"खळ. कपड्यांना लावतात ती. गार असते."

"लावलीत?"

"बोटावर घेतलीय."

"धुऊन टाका बोटं. खळ नको, टूथपेस्ट नको, तूप नको, बर्फसुद्धा नको. नुसतं पाणी. नळ सोडा आणि पाय नळाखाली धरा. पायात काही घातलंय का तिने? मोजा, साखळी, काही?"

घोट्याला केसांचं एक लाल रबर होतं. भिंगरीला दागिन्यांची हौस, जे सापडेल ते पायात. आबांनी ते हलकेच कातरीने कापून काढलं.

"छान. पाय सुजला असता तर रुतलं असतं ते. आता पाणी. कातडीला चिकटलेलं काही ओढून काढू नका, आणि फोड आला तर फोडू नका."

आबा फोन खिशात टाकून तिला घेऊन बाथरूमच्या नळाकडे वळले. नळ सोडला, पाय खाली धरणार तोच आवाजाने विचारलं, "पाणी गार आहे ना?"

साधा प्रश्न. कुणीही हात पुढे करून उत्तर दिलं असतं. आबांनीही सवयीने हात पुढे केला, आणि तो हात तसाच हवेत राहिला. त्यांना रडू आलं.

"बाई, माझ्या हाताला कळत नाही," ते म्हणाले. "इस्त्री करून करून मेलेत माझे हात. ह्याच हाताने पाणी बघितलं आणि पोरीला घातलं त्यात."

आबांना वाटलं, आता ही बोलणार. बोलायचा तिला हक्कच होता. पण ती एवढंच म्हणाली, "मग हात सोडा. गालाला लावून बघा."

आबांनी वाकून गाल धारेखाली धरला. पाणी गरम होतं. गच्चीवरच्या टाकीत दिवसभर उन्हात तापलेलं पाणी ते. हातावर विश्वासले असते तर भाजलेल्या पायावर त्यांनी तेच सोडलं असतं.

"गरम आहे," ते म्हणाले. "टाकीचं आहे."

"दुसरा नळ आहे का?"

होता. स्वयंपाकघरातला, रस्त्याच्या पाइपवरून सरळ येणारा. आबांनी गाल तिथे नेला. गार. बर्फासारखं नाही, पण चांगलं गार. त्यांनी भिंगरीला ओट्यावर बसवलं, पाय सिंकमध्ये घेतला, आणि पाण्याची धार हळू करून तिच्या पावलावर आणि पिंढरीवर सोडली.

"आता असंच वीस मिनिटं," आवाज म्हणाला.

"वीस?"

"वीस. गाडी आधी आली तरी. मी आहे लाइनवर."

बसमध्ये, दाढी करताना, गप्पांत वीस मिनिटं कधी जातात कळतही नाही. तीच वीस मिनिटं रडणाऱ्या लेकराचा पाय धारेखाली धरून काढून बघावीत. भिंगरी पाय ओढायची, आबांच्या छातीवर बुक्के मारायची, "बास, बास, बास" म्हणायची. आबांच्या एका हातात तिचा गुडघा, दुसरा हात तिच्या पाठीशी. पॉलिश सगळं त्यांच्या शर्टावर. जो माणूस शर्टावर सुरकुती खपवून घेत नसे त्याला त्या दिवशी आपल्या अंगात शर्ट आहे याचाही पत्ता नव्हता.

"फार रडतेय हो ती," आबा म्हणाले.

"रडू दे. रडतेय म्हणजे श्वास नीट चाललाय. तिचं बाकीचं अंग उघडं आहे का?"

"उघडंच आहे. अंघोळीसाठी कपडे काढले होते."

"मग ते झाका. टॉवेल, शाल, काहीही. पाय गार करायचा, पोरीला गारठवायचं नाही."

खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा गठ्ठा होता. आबांनी पाय न हलवता हात लांब करून मुलाचा स्वेटर ओढला आणि तिच्याभोवती गुंडाळला. मग तिला काहीतरी ऐकवायचं म्हणून ते लॉन्ड्रीच्या गोष्टी सांगू लागले. एकदा एका हॉटेलच्या चादरींत एक मांजर आलं होतं, धुलाईच्या मशीनमध्ये जायच्या आधी ते म्याव म्हणालं म्हणून वाचलं. मालक म्हणाला, याला पण कडक इस्त्री करा. भिंगरीने हुंदके देतच विचारलं, "मांजर भाजलं?"

"नाही गं. वाचलं."

"मग काय झालं मांजराचं?" हा प्रश्न फोनमधून आला. आबा चमकले. ती खरंच ऐकत होती.

"जाणार कुठे," आबा म्हणाले. "ठेवून घेतलं आम्ही. जाडं झालं होतं शेवटी."

अर्धा वेळ सरला असेल. भिंगरीचं रडणं जरा उतरलं होतं, पण ओठ थरथरत होते, आणि त्या थरथरत्या ओठांकडे आबांना बघवेना. पुरे आता, त्यांना वाटलं. पोटाशी घ्यावं, पुसावं, पांघरूण घालून निजवावं. प्रत्येक आजीआजोबांच्या मनात जे येईल तेच त्यांच्या मनात आलं, आणि त्यांचा हात नळाकडे गेला.

"झालं का हो?" ते म्हणाले.

"नाही. अजून नाही."

"गार पडेल पोरगी."

"स्वेटर नीट आहे ना? बोलतेय ना तुमच्याशी?"

"बोलतेय."

"मग थांबा. आजोबा, कातडीच्या आत अजून उष्णता आहे. वरून दिसत नाही, पण आत ती भाजतच असते. पाणी ती बाहेर काढतंय. मी सांगेन तेव्हाच बंद करा. एवढं ऐका माझं."

आबांनी हात मागे घेतला. आयुष्यात त्यांनी मालकाचं ऐकलं नव्हतं, युनियनचं ऐकलं नव्हतं, डॉक्टरचं तर अजिबातच नाही. त्या बसलेल्या आवाजाच्या अनोळखी बाईचं मात्र ऐकलं, आणि तिच्यासाठी आपण जन्मभर हात जोडू असं त्यांनी मनात म्हटलं. नळ चालू राहिला. बाहेर गाडीचा आवाज आला, माणसं वर आली. त्यांतल्या धाकट्या परिचारकाने पाय पाहिला आणि आबांशेजारी उभा राहून म्हणाला, "चालू द्या. उरलेला वेळ पुरा करू."

मग आवाज म्हणाला, "आता बंद करा," आणि आबांचा जीव भांड्यात पडला.

पाय झाकायला परिचारक पिशवीत काहीतरी शोधत होता. आबांनी कपाट उघडून प्लास्टिकच्या पिशव्यांची कोरी गुंडाळी काढली, इस्त्रीच्या कपड्यांवर चढवतात तसल्या पातळ, पारदर्शक पिशव्यांची. "हे चालेल?" परिचारकाने आतली एक कोरी पिशवी घेतली, पायावर सैलशी चढवली आणि म्हणाला, "उत्तम. चिकटत नाही आणि आतलं दिसतं." फोन तोवर बंद झाला होता. आभार मानायचे राहून गेले.

इस्पितळात सून धावत आली. दुकानाचा एप्रन तसाच, खिशात बूट चढवायची पट्टी. आबा बाकावरून उठले. कुणी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, "पाणी मी बघितलं. माझ्या हाताला कोमट लागलं. तू नको म्हणाली होतीस, तरी मी घातलं."

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. शर्टावर काळे पंजे होते, बाह्या चिंब. ती तडक आत निघून गेली. आबांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "पाण्याखाली किती वेळ धरलं होतं?"

"वीस मिनिटं," आबा म्हणाले. "त्या बाई सांगत होत्या."

"चांगलं केलंत. ताबडतोब धरलंत आणि पूर्ण वेळ धरलंत, म्हणून भाजणं आत फार खोल गेलेलं नाही. पट्ट्या बदलत राहू. माझ्या अंदाजाने कातडी आपली आपण येईल, दुसरीकडची आणून लावायला लागणार नाही."

सून डॉक्टरांच्या मागे दारात उभी होती. तिने ते ऐकलं. तरी त्या दिवशी ती आबांशी बोलली नाही.

घरी आल्यावर आबांनी स्वतःला शिक्षा लावून घेतली. भिंगरीने हाक मारली तर दारातूनच बोलायचे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, आबा तर गार पाण्याचा पेलासुद्धा पोरीजवळून दूर सरकवू लागले. चहाच्या पातेल्याला आता फडक्यानेच हात लावत. सुनेने दुकानातून रजा घेतली होती. ती पोरीचं सगळं करायची, आबांना वेळेवर जेवायला वाढायची, आणि गप्प राहायची. पाळणाघराचा निरोप गेलाच असणार, आबांनी मनाशी धरलं. त्यांनी खिडकीतली खुर्ची पुसून ठेवली.

एक गोष्ट मात्र त्यांना स्वस्थ बसू देईना. एका सकाळी त्यांनी अँब्युलन्सचा नंबर फिरवला. या वेळी पुरुषाचा आवाज आला, "काय इमर्जन्सी आहे?"

"काही नाही. आभार मानायचेत. ती सर्दीवाली बाई आहे का?"

"आजोबा, ही लाइन मोकळी ठेवायला लागते हो," तो माणूस म्हणाला. आबांनी ओशाळून फोन ठेवला. सुनेने ते ऐकलं होतं, तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. अपघातानंतर पहिल्यांदाच.

पट्टी बदलायला गेले तेव्हा इस्पितळाच्या दारात तोच धाकटा परिचारक भेटला. आबांनी त्याचा हात धरला आणि निरोप सांगितला, चांगला लांबलचक. पुढच्या खेपेला तो मुद्दाम शोधत आला.

"सांगितलं मी तिला," तो म्हणाला. "आधी विश्वासच बसेना. आम्ही निदान दारापर्यंत येतो हो, तिला तर फोन ठेवल्यावर पुढे काय झालं ते कधीच कळत नाही. कुणी सांगतच नाही. तिने विचारलंय, पाय कसा आहे?"

"पाय बरा होतोय म्हणावं," आबा म्हणाले. "बोटं हलवते. आणि म्हणावं, तुमची सर्दी कशी आहे?"

शेवटी पट्ट्या सुटल्या. पाऊल गुलाबी, नव्या कातडीचं, इथेतिथे जरा डाग. ते जातील हळूहळू, ऊन लागू देऊ नका, असं डॉक्टर म्हणाल्या. जगातल्या सगळ्या मुलांचे पाय मापलेल्या सुनेने ते पाऊल हातात घेतलं, अंगठ्यापासून टाचेपर्यंत बोट फिरवलं, आणि इतक्या दिवसांत न रडलेली ती बाई तिथेच ढसाढसा रडली. आबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

आता राहिली अंघोळ. इतके दिवस पोरीला ओल्या फडक्याने पुसत होते. सुनेने टब भरला की भिंगरी बाथरूमच्या दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून किंचाळायची. आईने गोड बोलून पाहिलं, खेळणी सोडून पाहिली, पोरगी बधेना. त्या दिवशीही तसंच चाललं होतं. आबा बाहेरच्या खोलीत, कान बंद करावे की उघडे ठेवावे या विचारात.

"आबा," सुनेने हाक मारली. "जरा इकडे या."

आबा उंबऱ्याशी येऊन थांबले. त्या दिवसानंतर भिंगरी आत असताना त्यांनी तिथे पाऊल टाकलं नव्हतं.

"पाणी मी बघितलंय," सून म्हणाली. "अंघोळ तुम्ही घाला."

आबांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मी? नको गं पोरी. माझ्या हातांचा काय भरवसा."

सुनेने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. बोलायची तिला सवय नव्हती, पण साठलेलं होतं बरंच.

"खरं सांगू? त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. फार आला होता. मग डॉक्टर म्हणाल्या, वीस मिनिटं. मी रोज रात्री तोच विचार करते. मी असते ना आबा, तर पाच मिनिटांत बाहेर घेतलं असतं तिला. तिचं रडणं मला नसतं ऐकवलं. आज तो पाय असा नसता." ती थांबली. "पाणी बघायला तुमचे हात नकोतच. ते इथून पुढे मी बघेन, मी नसेन तर अंघोळच नाही. पण तिला धरायला तुमचेच हात हवेत. माझ्याजवळ ती नाही थांबत."

"आणि ते पाळणाघर?" आबांच्या तोंडून निघून गेलं.

"त्यांना मी नको असं कळवलंय," सून म्हणाली. "दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणून."

आबांनी बाह्या वर केल्या आणि भिंगरीपुढे उकिडवे बसले. भिंगरीने चौकट सोडली नव्हती. तिने टबाकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं.

"भाजेल?" तिने विचारलं.

"आईने बघितलंय," आबा म्हणाले.

तिने एक हात चौकटीवरून काढून आबांचा अंगठा धरला. मग दुसरा हातही काढला. आबांनी तिला उचललं आणि हळूच, फार हळूच, टबात उतरवलं. पाणी कसं आहे ते त्यांच्या हातांना त्या दिवशीही कळलं नाही. अंगठ्यावरची तिची पकड मात्र कळत होती.